भाकितांची खतावणी : कोल्हापुरातील संपादकांना एक खुले पत्र

प्रति,
मा. संपादक महोदय,
कोल्हापुरातून प्रसिद्ध होणारी सर्व दैनिके आणि येथील स्थानिक वृत्तवाहिन्या

विषय : जगाच्या भवितव्याविषयीच्या भाकितांची मुदत संपल्यावर त्यांचा निकाल छापण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या एका अडत दुकानात 34 वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. आता निवृत्त आहे आणि सकाळचा बराच वेळ आपले अंक वाचण्यात घालवतो. आमच्या धंद्यात दिवसभराचे व्यवहार किर्दीत लिहिले जातात, पण किर्द लिहिली म्हणजे हिशेब झाला असे कोणी समजत नाही. प्रत्येक नोंद ज्याच्या-त्याच्या खात्यावर खतावणीत चढवावी लागते, बाकी ओढावी लागते आणि दिवाळीच्या आधी कोणाकडून किती येणे आहे, किती बुडाले, हे शेठजींसमोर मांडावे लागते. हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच की, जगाच्या भविष्याबाबत आपण जी भाकिते छापता आणि दाखवता त्यांची किर्द वर्षानुवर्षे भरली जात आहे, पण खतावणी मात्र कोणीच लिहीत नाही. डिसेंबर उजाडला की 'नव्या वर्षात जगावर कोणती संकटे येणार' याची बातमी ठरल्याप्रमाणे येते. मागच्या डिसेंबरात सांगितलेल्या संकटांचे काय झाले, याची बातमी मी आजवर एकदाही वाचलेली नाही.

एक प्रसंग सविस्तर सांगतो. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा जपानमध्ये नागोया शहराजवळ एका कारखान्यात नोकरीला आहे. यंदा, म्हणजे 2025 च्या मे-जून महिन्यांत, 5 जुलैला जपानवर महाप्रलय येणार अशी बातमी सर्वत्र फिरत होती. एका जपानी चित्रकथाकार महिलेने आपली स्वप्ने एका पुस्तकात 1999 साली प्रसिद्ध केली होती आणि 2021 च्या नव्या आवृत्तीत जुलै 2025 चा उल्लेख होता. जपान आणि फिलिपिन्स यांच्या दरम्यान समुद्राचा तळ फाटेल आणि 2011 च्या त्सुनामीपेक्षा तिप्पट उंचीच्या लाटा येतील, असे ते स्वप्न. पुढे त्याला तारीख आणि पहाटे 4 वाजून 18 मिनिटे ही वेळही चिकटली. हाँगकाँगमधून जपानला जाणारे प्रवासी इतके कमी झाले की, तेथील विमान कंपन्यांना फेऱ्या कमी कराव्या लागल्या. भूकंपाची तारीख, जागा आणि तीव्रता आधी सांगणे आजच्या शास्त्राला शक्य नाही, असे जपानच्या हवामान संस्थेने स्पष्ट केले आणि लेखिकेनेही आपण भविष्यवेत्ती नसल्याचे सांगितले. आमच्या घरी येणाऱ्या दैनिकात भाकीत चार स्तंभांत होते आणि हे दोन्ही खुलासे मला त्यात सापडले नाहीत.

बहिणीने मुलाला आठवडाभर रोज फोन करून सुट्टी काढून ये म्हणून विनवले. तिकिटाचे दर सांगून तो हसला. जपानचे घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असल्याने तिकडचे 4 वाजून 18 मिनिटे म्हणजे आपल्याकडचे रात्रीचे 12 वाजून 48 मिनिटे, हा हिशेब मीच तिला करून दिला होता, आणि नंतर वाटले की करून दिला नसता तर बरे झाले असते. शुक्रवारी रात्री ती देवघरातील समईत तेल घालून भिंतीवरच्या घड्याळासमोर पाट मांडून बसली. पाऊण वाजला, एक वाजायला आला, आणि फोनवर मुलाचा निरोप आला : 'आई, मी झोपलोय. तू पण झोप.' त्याच्याकडे तेव्हा पहाटेचे साडेचार वाजत होते. म्हणजे आईच्या धसक्यापायी तोही जागाच होता.

शनिवारच्या अंकात काही नव्हते, ते समजण्यासारखे होते, कारण अंक आधीच छपाईला गेला असणार. रविवारी आषाढी एकादशी होती. पंढरपूरची महापूजा आणि नंदवाळची दिंडी यांनी पाने भरली होती, आणि ती तशीच भरलेली असावीत. सोमवारी मात्र मी चष्मा पुसून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाहिले. चार स्तंभांचे भाकीत छापणाऱ्या दैनिकाला, ते खोटे ठरले हे सांगायला दोन ओळी सापडल्या नाहीत. दुकानात कोणी असा व्यवहार केला असता तर आम्ही त्याचे खाते बंद केले असते.

हिशेबाला दोन बाजू असतात, म्हणून जमेची बाजूही लिहितो. त्या पुस्तकाच्या 1999 च्या मुखपृष्ठावर 'मोठी आपत्ती : मार्च 2011' अशा अर्थाचे शब्द होते, आणि 11 मार्च 2011 रोजी जपानमध्ये 9.0 तीव्रतेचा भूकंप होऊन त्सुनामी आली, हे खरे आहे. जागा सांगितलेली नसली तरी महिना आणि वर्ष जुळले, ते मी जमेला धरतो. पण त्याच न्यायाने 5 जुलै 2025 ची नोंद नावे टाकावी लागते. यावर कोणी म्हणेल की, त्याच महिन्याच्या 30 तारखेला रशियातील कामचाटकाजवळ 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला आणि जपानच्या किनाऱ्यावरील लोकांना उंच जागी जावे लागले, तेव्हा भाकीत खरेच ठरले. माझे उत्तर दिवाणजीचे आहे. सांगलीच्या व्यापाऱ्याकडून येणे असलेली रक्कम निपाणीच्या व्यापाऱ्याने भरली म्हणून सांगलीचे खाते मिटत नाही. सांगितला होता जपानच्या दक्षिणेकडचा समुद्र आणि तिप्पट उंचीच्या लाटा, घडले जपानच्या उत्तरेला रशियात, आणि जपानच्या किनाऱ्यावर आलेल्या लाटा साधारण मीटर-सव्वा मीटरच्या होत्या. जगात 7 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला सरासरी पंधराच्या आसपास होतात. 'यंदा मोठा भूकंप होईल' असे सांगणे म्हणजे 'यंदा हंगामात यार्डात गूळ येईल' असे सांगण्यासारखे आहे.

आता ज्यांच्या नावावर आपली सर्वाधिक जागा खर्च होते, त्या 'बाबा वेंगा' यांच्याविषयी. बल्गेरियन भाषेत 'बाबा' म्हणजे आजी. एका वाहिनीवर निवेदक 'बाबा वेंगा म्हणाले होते' असे तीन वेळा म्हणाला, तेव्हा त्याने त्यांचा फोटो तरी पाहिला आहे का, असा प्रश्न मला पडला. या वांगा आजी 1911 साली आजच्या उत्तर मॅसेडोनियातील स्त्रुमित्सा येथे जन्मल्या, लहानपणी त्यांची दृष्टी गेली, बल्गेरियातील पेत्रिच आणि रुपिते येथे त्या राहिल्या आणि ऑगस्ट 1996 मध्ये वारल्या. दूरदूरचे लोक आपले दुखणे आणि हरवलेल्या माणसांची विचारपूस घेऊन त्यांच्याकडे जात. त्या माउलीविषयी मला काही वावगे बोलायचे नाही. पण त्यांनी स्वतःच्या हाताने भविष्याचे एकही पुस्तक लिहिलेले नाही. जे काही आहे ते इतरांनी सांगितलेले, आणि वर्षवार याद्या तर त्यांच्या पश्चात फुगत गेल्या. त्याच याद्यांत तिसरे महायुद्ध नोव्हेंबर 2010 मध्ये सुरू होऊन ऑक्टोबर 2014 मध्ये संपणार होते आणि 2016 पर्यंत युरोप जवळजवळ निर्मनुष्य होणार होता. 2016 साली याच युरोपात फुटबॉलची युरोपीय स्पर्धा भरली आणि आमच्या पेठेतील तालमीची पोरे रात्री जागून ती बघत होती. जगाचा शेवट त्यांच्या नावावर 5079 साली लिहिलेला आहे. ती नोंद तपासायला आपल्यापैकी कोणी नसेल, म्हणून तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

नोस्त्रादेमस यांचे निदान छापील पुस्तक आहे. 1555 साली फ्रान्समधील ल्यों येथे त्याची पहिली आवृत्ती निघाली. पण त्यातील चार-चार ओळींचे श्लोक इतके धूसर आहेत की, घटना घडून गेल्यावर त्यांत काहीही दिसू शकते. त्यांतील 'हिस्टर' म्हणजे हिटलर, असे आपल्याकडे दर काही वर्षांनी छापून येते. प्रत्यक्षात ते डॅन्यूब नदीचे जुने लॅटिन नाव आहे. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. 'तीन समुद्रांनी वेढलेल्या देशात' एक थोर नेता जन्मेल आणि गुरुवार हा त्याचा पवित्र दिवस असेल, म्हणजे हा नेता भारतीयच, असे आपण वाचले असेल. मूळ फ्रेंच ओळीत 'जलाची त्रयी' अशा अर्थाचे शब्द आहेत, आणि ज्योतिषाच्या परिभाषेत जलाची त्रयी म्हणजे कर्क, वृश्चिक आणि मीन या तीन जलराशी. पत्रिका पाहणारा आपल्याकडचा कोणीही भटजी हे एका वाक्यात सांगू शकला असता. अरबी समुद्र, हिंदी महासागर आणि बंगालचा उपसागर त्या ओळीत आपण आणून ओतले.

या सद्गृहस्थांनी स्पष्ट वर्ष आणि महिना घातलेल्या फार थोड्या श्लोकांपैकी एकात 1999 च्या सातव्या महिन्यात आकाशातून 'भयाचा महान राजा' येईल असे म्हटले आहे. तो आला नाही. उलट सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळल्यावर त्यांच्या नावाने ज्या ओळी जगभर फिरल्या, त्यांतल्या काही 1997 मध्ये कॅनडातील नील मार्शल नावाच्या विद्यार्थ्याने रचलेल्या होत्या. धूसर ओळी कशाही लावता येतात, हे दाखवण्यासाठीच त्याने त्या लिहिल्या होत्या. त्याचे म्हणणे त्याच्या कल्पनेपलीकडे सिद्ध झाले.

आपण म्हणाल, परदेशी द्रष्ट्यांवर बोट ठेवणे सोपे आहे, घरचे काय? घरचेही सांगतो. गुढीपाडव्याला दुकानात पंचांगपूजन होऊन संवत्सरफल वाचले जाई. राजा कोण, मंत्री कोण, सस्याधिपती, मेघाधिपती कोण हे ऐकताना शेठजी मान डोलावत, आणि रसाधिपतीचे नाव आले की कान टवकारत, कारण ऊस आणि गूळ त्याच्या खात्यात. पण ऐकून झाल्यावर ते शिरोळ-करवीरकडील उसाचे फड स्वतः पाहून येत आणि मगच कोणाला किती उचल द्यायची ते ठरवत. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेव यात्रेला मीही जातो. भंडाऱ्याने पिवळ्या झालेल्या त्या गर्दीत फरांडे बाबांचा हेडाम, म्हणजे तलवार घेऊन केलेला नाच, पाहताना आणि भाकणूक, म्हणजे देवाच्या नावाने सांगितलेले वर्षाचे भविष्य, ऐकताना अंगावर काटा येतो, हे मी नाकारणार नाही. ऐकणारा धनगर आणि शेतकरी तेथून परत जातो आणि पेरणी मात्र जमिनीत ओल किती आहे ते बघूनच करतो. त्याच्या श्रद्धेत मला काही खटकत नाही. खटकते ते हे की, दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात भाकणूक मोठ्या अक्षरांत येते आणि तिच्या शेजारी गेल्या वर्षीची भाकणूक व प्रत्यक्ष झालेला पाऊस कधीच येत नाही. आदमापूरच्या भाकणुकीचेही तेच.

मी सात वर्षांचा असताना, 1962 च्या फेब्रुवारीत, मकर राशीत अष्टग्रही, म्हणजे आठ ग्रहांची एकाच राशीत युती, झाली होती. जग बुडणार म्हणून देशभर होमहवने झाली, आमच्या गल्लीतही झाले. जग बुडणारच आहे तर पाढे कशाला पाठ करायचे, असा विचार आम्ही पोरांनी केला आणि 6 फेब्रुवारीला मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. माझ्या आयुष्यात चुकलेल्या भाकिताचा हिशेब कोणी लगोलग चुकता केला असेल तर तो तेवढाच.

भाकीत म्हणजे काय असावे, हे कोल्हापूरकरांना शिकवण्याची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये येथला माणूस भेटल्यावर 'पंचगंगा किती फुटांवर?' असे आधी विचारतो. राजाराम बंधाऱ्याजवळ 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे शाळकरी पोरालाही पाठ असते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे सात, त्यांतले किती उघडले, एका दरवाजातून 1428 क्युसेक याप्रमाणे किती पाणी सुटले, यावरून आम्ही जयंती नाल्याच्या बाजूचे गोदाम कधी रिकामे करायचे ते ठरवत असू. गूळ ओल धरतो, आणि एकदा पाझरू लागला की तो रवा, म्हणजे गुळाची ढेप, कवडीमोल होतो. पाणी 39 फुटांकडे चालले की हमालांना निरोप जाई आणि रवे माडीवर चढत. हा अंदाज कधी इंचांनी चुके, कधी फुटांनी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि सगळ्यांचेच आडाखे कोसळले. पण त्यानंतर काय झाले ते आठवावे. आपण सर्वांनी पाटबंधारे खात्याला धारेवर धरले, धरणांतून पाणी केव्हा सोडले त्याचे तक्ते छापले, सरकारला नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली आणि तिचा अहवाल आला. इंच-फुटांत बोलणारा अभियंता चुकला तर त्याच्यावर समिती बसते, आणि अख्ख्या जगाचा प्रलय सांगणारा चुकला तर पुढच्या डिसेंबरात त्याला पुन्हा चार स्तंभ मिळतात. हा न्याय मला कळलेला नाही.

'ही करमणूक आहे, वाचकांना आवडते' असे उत्तर मला एका कार्यालयात तोंडी मिळाले होते. ठीक आहे, पण मग ती शब्दकोड्याच्या पानावर असावी. आणि करमणूकच करायची तर हिशेब ठेवण्यातही ती आहे, हे एका दैनिकाने करून दाखवले आहे. 21 ऑक्टोबर 1966 रोजी वेल्समधील अॅबरफॅन गावी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मातीचा डोंगर शाळेवर कोसळून 144 माणसे गेली आणि त्यांत 116 मुले होती. काही लोकांना या दुर्घटनेची आधीच चाहूल लागली होती, असे जॉन बार्कर या मानसोपचारतज्ज्ञाच्या कानावर आले. त्याने लंडनच्या 'इव्हिनिंग स्टँडर्ड' या दैनिकाचा विज्ञान वार्ताहर पीटर फेअरली याच्या मदतीने 1967 च्या जानेवारीत चक्क पूर्वसूचनांचे एक कार्यालयच उघडले. लोकांनी आपली स्वप्ने आणि चाहुली कळवायच्या, त्यांवर दिवस-वेळ टाकून त्या नोंदवायच्या आणि पुढे आलेल्या बातम्यांशी ताडून पाहायच्या. बार्कर स्वतः अशा गोष्टी मानणारा होता, तरी त्याला खतावणीची भीती वाटली नाही. काही नोंदी जुळल्याही. बहुतेक जुळल्या नाहीत, आणि आधी सूचना देऊन संकट टाळण्याचा मूळ हेतू साधला नाही.

असाच हिशेब आपल्याकडेही झाला आहे, आणि तो करणाऱ्यांपैकी एक जण 1938 साली याच कोल्हापुरात जन्मले होते. डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुले व मतिमंद मुले यांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितले. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 पत्रिकांची उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण 46 टक्के निघाले. नाणे उडवले असते तर 50 च्या आसपास आले असते. 2009 साली 'करंट सायन्स'मध्ये हे प्रसिद्ध झाले. मे 2025 मध्ये डॉ. नारळीकर गेले तेव्हा आपण सर्वांनी त्यांच्यावर अग्रलेख लिहिले, ते उत्तमच होते, आणि त्यानंतर महिन्याभरातच 5 जुलैचा प्रलय आपल्या पानांवर अवतरला.

मी बंदी मागत नाही. भाकिते छापणे टाळावे असे भारतीय वृत्तपत्र परिषदेच्या आचारसंहितेत संपादकांना सांगितलेले आहे आणि अंधश्रद्धेला उत्तेजन देणारे कार्यक्रम दाखवू नयेत असे 1994 च्या केबल नियमांत आहे. हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक माहीत आहे, त्यामुळे त्यावर शब्द खर्च करत नाही. माझे मागणे दुकानदारी स्वरूपाचे आहे. भाकीत छापाल तेव्हा ते मूळ कोणी, कोठे आणि केव्हा म्हटले ते सोबत द्यावे, आणि ते ठाऊक नसेल तर भाकीतच बाजूला ठेवावे. कार्यालयात एक वही ठेवून त्यात मुदतीची तारीख लिहावी. ती तारीख उलटली की त्याच पानावर, शक्य तर तेवढ्याच अक्षरांत, निकाल द्यावा. भाकीत खरे ठरले तर तेही तितक्याच ठळकपणे छापावे, मी स्वतः पेढे घेऊन येईन. राजकीय पंडितांनाही यातून वगळू नये. 2024 च्या लोकसभेला मतदानोत्तर चाचण्यांपैकी बहुतेकांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेले होते, आणि ती 293 वर थांबली. त्यांनी निदान आकडा सांगितला होता, म्हणून पकडले गेले.

सुरुवात करायला अडचण वाटत असेल तर माझ्याकडे दोन वह्या तयार आहेत. जुन्या पद्धतीच्या, लाल कापडी बांधणीच्या, दुकानातून निवृत्त होताना शेठजींनी दिलेल्या. डाव्या बाजूला आपल्याच अंकांतील कात्रणे तारखेसह चिकटवलेली आहेत आणि उजव्या बाजूला 'निकाल' असा रकाना आहे. 21 डिसेंबर 2012 च्या जगबुडीपासून 5 जुलैपर्यंतच्या नोंदी मी माझ्या परीने भरल्या आहेत. यंदाच्या डिसेंबरातील कात्रणांसाठी पाने आखून ठेवली आहेत. दुपारी चारनंतर मी मोकळा असतो, कोणत्याही कार्यालयात वह्या घेऊन येईन, फक्त कात्रणे सुटी होतात म्हणून त्या माझ्यासमोरच चाळाव्यात.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त दिवाणजी
मंगळवार पेठ, कोल्हापूर